सुमन निरंक इंगळे

दवाखान्यात सत्तावीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं, की लोक मनगट पुढे करतात. दवाखान्यातच, पण कॉम्प्युटरवर होते असं सांगितलं, की मोबाइल पुढे करतात. "मॅडम, यातले फोटो कुठं गेले पाहा न जरा." आणि डेटाबेस सांभाळत होते असं सांगितलं, की "बरं बरं" म्हणून चहाकडे वळतात. त्यामुळे या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" असा निरोप धाडला, तेव्हा मी उलट फोन करून विचारलं, की मीच हवी आहे ना? डॉक्टर नकोत ना? मीच हवी होते म्हणाले. तेव्हा आता ऐका.

बुलढाण्यातल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात मी होते. नाव सांगत नाही. तिथले विश्वस्त सगळे हयात आहेत आणि त्यांच्या भावना लवकर दुखावतात. लोणार, दुसरबीड, अशा लांबलांबच्या गावांहून पेशंट पहाटेची एसटी धरून यायचे. कोणाचा मोतीबिंदू, कोणाचा काचबिंदू, कोणाचा नुसता चष्मा. त्यांचं नाव, गाव, कार्डाचा नंबर, पुढची तारीख हे सगळं कॉम्प्युटरच्या पोटात जिथं साठवलेलं असतं, त्याला डेटाबेस म्हणायचं. तो चालता ठेवणं हे माझं काम. चालत असला की कोणी माझं नाव घेत नसे. बंद पडला, की सगळे एकदम घेत.

निवृत्तीला अडीच वर्षं राहिली असताना आमच्या अध्यक्षांच्या भाच्याने त्यांना सांगितलं, की आपला डेटाबेस जुना झाला, आता सगळे शहाणे लोक फुकटचा वापरतात. अध्यक्षांना, म्हणजे भाऊसाहेबांना, 'शहाणे' आणि 'फुकट' हे दोन्ही शब्द फार आवडले. पुढच्याच बैठकीत ठराव झाला: जुना डेटाबेस काढावा, नवा बसवावा, आणि "कामकाजात काडीचाही फरक पडू नये". ही काडी पुढे माझ्या डोळ्यात गेली.

फरक कसा पडतो ते सांगते. डेटाबेसमध्ये फंक्शन नावाच्या बारक्या बारक्या गिरण्या असतात. वरून ज्वारी टाका, खाली पीठ पडतं. एका गिरणीत तारीख टाकली, की महिन्यानंतरची तारीख पडते. दुसरीत नावाचे तीन तुकडे टाकले, की जोडून पूर्ण नाव पडतं. अशा शेकडो गिरण्या मी इतक्या वर्षांत लिहून ठेवल्या होत्या. नव्या डेटाबेसलाही तेच शब्द कळतात, पण त्याच्या मनातला अर्थ वेगळा असतो. आता 'बे' हाच शब्द घ्या. पुण्यात तो पाढ्यात येतो, आमच्याकडे दोस्ताला हाक मारताना. शब्द तोच, पण पुण्याच्या मास्तरांना वर्गात "काय बे" म्हणून पाहा, म्हणजे फरक कळेल. तर जुन्यातली प्रत्येक गिरणी नव्यात अशी बसवायची, की त्याच ज्वारीचं तेच पीठ पडलं पाहिजे. या कामात कौतुक नसतं. चूक मात्र असते.

देखरेखीला पुण्याहून एक सल्लागार नेमले. केदार त्यांचं नाव. वय माझ्या मुलाएवढं आणि स्वभाव हसरा. पहिल्या दिवशी मी "सर्व्हर बंद पडून राह्यला" म्हणाले, तर म्हणाले, "मॅडम, तुमची भाषा किती गोड आहे हो!" मी सर्व्हरबद्दल बोलत होते. त्यांनी एक जुळणी तक्ता बनवला. फंक्शनचं नाव, जुनं उत्तर, नवं उत्तर. दोन्ही सारखी असली की रकाना हिरवा, नसली की लाल. दर शुक्रवारी तक्ता भाऊसाहेबांना दाखवायचा. भाऊसाहेबांना त्यातलं हिरवं तेवढं कळत असे.

पहिल्यांदा चष्म्याचा विभाग हलवला. चष्म्याच्या पुडीवर गावाच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरं आणि त्या गावच्या यादीतला पेशंटचा क्रमांक छापला जाई. मी नोकरीला लागले तेव्हा ते फंक्शन लिहिलं होतं आणि नवखेपणी त्यात "शून्यापासून तीन अक्षरं काढ" असं लिहून बसले होते. शून्याव्या जागी अक्षर कुठून असणार! पण जुना डेटाबेस घरच्या म्हाताऱ्यासारखा होता, पोरगी चुकली तरी समजून घ्यायचा. शून्य म्हणजे तिला एकच म्हणायचं असेल, असं धरून तो मुकाट्याने तीन अक्षरं देत राहिला. नव्याने शून्यापासून इमानदारीने मोजलं. शून्याव्या जागी काही नाही, पुढची दोन अक्षरं. दुसरबीडचं DUS जाऊन DU उरलं. दुधा गावचं DUD जाऊन तेही DU उरलं. आणि दुसरबीडच्या एका दत्तुजींचा आणि दुध्याच्या एका गुरुजींचा क्रमांक नेमका एकच होता.

गुरुजी तिसऱ्या दिवशी ताडताड आले. "जमीन वर आली, पायरी खाली गेली! दवाखाना आहे का जत्रेतला आरसा?" त्यांना बसवून मी फोन लावला आणि दत्तुजींना चष्मा परत घेऊन बोलावलं. दत्तुजी सत्तरीचे, पांढरीशुभ्र टोपी, चेहऱ्यावर परम समाधान.

"दत्तुजी, हा चष्मा तुमचा नाही. चुकून गेला."

"काऊन? मले तर मस्त दिसते."

"मस्त कसं दिसेल? नंबर दुसऱ्याचा आहे." मी हात वर धरला. "किती बोटं आहेत?"

"बोटं तुमची हायत, तुमी मोजा न."

"दत्तुजी!"

"हे पाहा बाई, आधी सुनेच्या तोंडावरची आठी साफ दिसे. आता सून दिसते, आठी दिसत नाही. घरात शांती हाय. मी काही देत नाही चष्मा."

शेवटी गुरुजींनी स्वतः उठून तो त्यांच्या नाकावरून काढला. मी शून्याचा एक केला, तक्त्यातला रकाना हिरवा झाला आणि केदारांनी शुक्रवारी सांगितलं, की "एक किरकोळ विसंगती वेळेत दूर करण्यात आली."

पुढे काचबिंदूच्या थेंबांची पाळी आली. थेंबांची बाटली एक महिना पुरते, त्यामुळे पेशंटला महिन्यानंतरची तारीख छापून देत असू. जुन्या डेटाबेसची एक खोड होती. महिन्याच्या शेवटच्या दिवसात एक महिना मिळवला, की तो पुढच्या महिन्याचा शेवटचाच दिवस द्यायचा. अठ्ठावीस फेब्रुवारीला बाटली नेली, तर पुढची तारीख एकतीस मार्च. नवा म्हणाला अठ्ठावीस मार्च. रकाना लाल.

मी कागदावर दिवस मोजले. नवाच बरोबर होता. इतकी वर्षं फेब्रुवारीअखेर बाटली नेलेले पेशंट शेवटचा एखादा दिवस थेंबाविना काढत होते आणि काचबिंदूत डोळ्यावरचा दाब एक दिवसही सुटी घेत नाही. मी केदारांना फोन केला.

"मॅडम, बरोबर-चूक हा आपला विषय नाही," ते गोड आवाजात म्हणाले. "जुन्याशी जुळलं पाहिजे. ठरावात तसं आहे."

"म्हणजे चूकही जुळवायची?"

"चूकसुद्धा तंतोतंत जुळली, की त्याला उत्तम काम म्हणतात."

मी चूक जुळवली नाही. अठ्ठावीस तारीखच ठेवली आणि तक्त्यात रकाना हाताने हिरवा करून टाकला. नोकरीतली ती माझी पहिली खोटी खूण. चांगल्यासाठी केली होती आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. फक्त त्या दिवशी एक गोष्ट माझ्या हाताला कळली. रकाना हिरवा करायला फंक्शन तपासावंच लागतं असं नाही.

नावं जोडणारं फंक्शन शेवटच्या आठवड्यात आलं. बैठकीची तारीख डोक्यावर होती. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांची यादी मी त्यातून काढून पाहिली. नाव, मधलं नाव, आडनाव, सगळं झकास जोडलं गेलं. मधलं नाव कोरं असलं तर काय होईल, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. आला नव्हता असं म्हणाले तर खोटं होईल. मला वाटलं, आपल्याकडे बाप नाहीतर नवरा असा मधे कोणीतरी असतोच. रकाना हिरवा केला आणि जेवायला गेले.

आता सुमनबाईंबद्दल सांगायला हवं. सुमन इंगळे. लोणारच्या बाजारात भाजीचं दुकान, वय पन्नासच्या आसपास, शिक्षण सातवी, अंगात साखर. त्या साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावर सूज आलेली. डावा डोळा आधीच अधू होता, सगळी भिस्त उजव्यावर. पडद्याचे डॉक्टर परगावाहून पंधरा दिवसांतून एकदा येत आणि डोळ्यात इंजेक्शन देत. सुमनबाईंना महिन्यातून एक लागायचं. त्यांची पहिली नोंदणी योगायोगाने मीच केली होती, कारण खिडकीवरचा कारकून त्या दिवशी रजेवर होता.

"मधलं नाव?" मी विचारलं होतं.

"मधात काही लिवू नका."

"नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं..."

"नवऱ्याले म्या सोडलं, अन् म्हणून बापानं मले सोडलं. आता मधात कोणी नाही. सुमन इंगळे, एवढीच हाओ मी."

मी तो रकाना कोरा सोडला. जुना डेटाबेस कोऱ्याला कोरं समजायचा. सुमन, काही नाही, इंगळे, म्हणजे सुमन इंगळे. नव्याच्या लेखी कोरं म्हणजे 'माहीत नाही'. आणि माहीत असलेल्याला माहीत नसलेलं जोडलं, तर सगळंच माहीत नाही, असं त्याचं तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञान म्हणून त्यात खोट काढता येत नाही. पण त्या हिशेबाने सुमनबाईंचं अख्खं नाव नाहीसं होत होतं.

सगळा दवाखाना नव्या डेटाबेसवर गेला त्याच आठवड्यात इंजेक्शनचा दिवस आला. यादी छापली गेली. सातव्या ओळीत वेळ होती आणि नावाच्या जागी पांढरा कागद. आमच्या मंगला सिस्टर यादीवरून नावं पुकारत. त्यांना वाटलं, सातवी जागा रिकामी आहे. त्या जागी एका विश्वस्तांच्या साडूंना घेतलं, जे यादीत नव्हतेच. दवाखान्यात रिकामी जागा फार वेळ रिकामी राहत नाही.

सुमनबाई बाकावर बसून होत्या. दोनदा उठून विचारायला गेल्या. दोन्ही वेळा सिस्टर म्हणाल्या, "मावशी, नाव पुकारल्याशिवाय उठाचं नाही." मग त्या उठल्या नाहीत. दुपारी हॉल मोकळा झाला, तेव्हा त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या.

"मॅडम, सकाळपासून बसून राह्यली मी. समद्याईचं झालं. थे सिस्टर म्हणते, तुमचं नाव कॉम्प्युटरात नाही. अन् तुमीच त टाकलं होतं न?"

मी कार्डाचा नंबर टाकला. पडद्यावर सुमन वेगळं, इंगळे वेगळं, दोन्ही होते. यादी उघडली, तर सातवी ओळ कोरी. त्या क्षणी मला कळलं. शोधावं लागलंच नाही. माझा हिरवा रकानाच डोळ्यांपुढे आला.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते चिखलीच्या पुढे गेले होते. दुसऱ्या गावी त्यांचे पेशंट बसलेले होते. "आता परत फिरता येणार नाही. पुढच्या खेपेला पहिला नंबर लावा," म्हणाले. त्यांचंही चुकलं नाही.

सुमनबाईंना मी सांगितलं, पंधरा दिवसांनी या. त्यांनी पिशवी उचलली. "मधात कोणी नाही म्हणून मीच नाही का बाप्पा?" एवढं विचारलं आणि स्टँडकडे चालू लागल्या. ती दुपार मी फंक्शन दुरुस्त करण्यात घालवली. एका ओळीचं काम होतं. कोरं असेल तर सोडून पुढे जा.

पंधरा दिवसांनी त्यांना पहिला नंबर मिळाला. पण दरम्यान उजव्या डोळ्यात आत रक्त उतरलं होतं. इंजेक्शनं चालू झाली, थोडी नजर आली. पूर्वीएवढी आली नाही. काट्यावरचा आकडा दिसेना, म्हणून त्या वजन शेजारच्या दुकानदाराकडून वाचून घेऊ लागल्या.

डॉक्टरांनी लेखी विचारणा केली, म्हणून चौकशी समिती बसली. अध्यक्षस्थानी भाऊसाहेब, सदस्य म्हणून ते साडूवाले विश्वस्त, आणि मोबाइलच्या पडद्यावर केदार. केदार म्हणाले, "फंक्शनचं वर्तन नव्या सिस्टिमच्या नियमाला धरूनच आहे. तक्त्यातही हिरवं आहे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिरवं मी केलं होतं, हे मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. मग अहवाल लिहिला गेला: "सदर रुग्णाने नोंदणीच्या वेळी आपले नाव अपूर्ण दिल्याने यादीत नोंद होऊ शकली नाही." खाली तांत्रिक जबाबदार म्हणून माझी सही हवी होती. नोकरीची दोन वर्षं राहिली होती आणि मला ती शांततेत काढायची होती. मी सही केली. पेन चांगलं चालत होतं, हेही आठवतं.

समितीने एक उपायही सुचवला. यापुढे मधलं नाव सक्तीचं, आणि ज्यांचं नसेल त्यांच्या रकान्यात 'निरंक' भरावं. सरकारी कागदाला काही माहिती नसली, की आपण 'निरंक' लिहितो ना, तेच. मी म्हणाले, फंक्शन दुरुस्त झालंय, आता गरज नाही. भाऊसाहेब म्हणाले, "असू द्या, डबल सेफ्टी."

पुढच्या इंजेक्शनला मंगला सिस्टरने भर हॉलमध्ये खणखणीत आवाजात पुकारलं, "सुमन निरंक इंगळे!"

कोणी उठेना.

"सुमन निरंक इंगळे! मावशी, तुमालेच आवाज देऊन राह्यली!"

"हा निरंक कोण हाय?" सुमनबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं. "एक नवरा मोठ्या मुश्किलीनं सुटला, तुमी दुसरा कायले लावला?"

अख्खा हॉल हसला. मीही दारात उभी राहून हसले. मग त्या इंजेक्शन घेऊन, डोळ्याला पट्टी लावून थेट माझ्याकडे आल्या आणि माझं हसू गेलं.

"मॅडम, माह्याबद्दल कागद झाला म्हणते. काय लिवलं त्याच्यात?"

टाळता आलं असतं. कागद गोपनीय आहे म्हटलं असतं तर त्या गेल्या असत्या. मी कपाटातून प्रत काढून वाचली. 'अपूर्ण' या शब्दावर आवाज जरा अडला.

"म्हणजे चूक माही?"

"असं लिहिलंय."

"अन् खाली सही कोणाची हाय?"

"माझी."

त्यांनी उघड्या, अधू डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.  "मंग आता वाचताना काऊन थांबल्या? लिवताना त नाही थांबल्या."

त्या संध्याकाळी मी घरी बसून दीड पानाचं पत्र लिहिलं. फंक्शन मी तपासलं नव्हतं, रकाना मी हिरवा केला, सातव्या जागेवर यादीत नसलेला माणूस बसवला गेला, रुग्णाचं नाव पूर्णच होतं. थेंबांच्या तारखेची खोटी खूणही त्यातच कबूल केली. एकदा सांगायला बसल्यावर निवडून काय सांगायचं! डॉक्टरांना प्रत दिली आणि समितीला मूळ पत्र.

भाऊसाहेबांनी मला बोलावून दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "मॅडम, यातली खरी सही कोणती समजायची?"

"दोन्ही माझ्याच आहेत, भाऊसाहेब. पहिली तुम्हाला घाबरून केलेली आहे."

मला चष्म्याच्या फ्रेमच्या गोदामात पाठवलं. निवृत्तीपर्यंत मी तिथेच काळ्या आणि तपकिरी फ्रेम वेगवेगळ्या लावत होते. डेटाबेस केदारांच्या कंपनीकडे गेला. ते मात्र फोन करून म्हणाले, "मॅडम, तुमचं ते कोरं सोडून पुढे जायचं फंक्शन आम्ही बाकी सगळीकडे वापरतोय." माणूस वाईट नव्हता. त्याला हिरव्या रंगाची सवय होती.

पत्र मात्र समितीच्या फायलीतून बाहेर येईना. एका बैठकीला वेळ नव्हता, दुसरीला साडूवाले विश्वस्त परगावी होते. सुमनबाई दर इंजेक्शनला आल्या, की वरच्या मजल्यावर जाऊन विचारत, "माह्या कागदाचं काय झालं?" डॉक्टरांनीही एकदा बजावलं, की हा विषय संपल्याशिवाय आपण इथं येणार नाही. त्यानंतर एका दुपारी शिपाई गोदामात आला आणि माझ्या हातात सुधारित प्रत ठेवून गेला. ते एक वाक्य लाल शाईने खोडलेलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं, "रुग्णाचा दोष नाही." 'निरंक'ही सगळ्या नोंदींमधून काढून टाकावं, असा शेरा होता.

सुमनबाई त्या दिवशी इंजेक्शन घेऊन, उजव्या डोळ्याला पट्टी लावून दवाखान्यातच बसल्या होत्या. मी प्रत घेऊन बाकाशी गेले. वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणाल्या, नको. त्यांनी कागद डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवत, जोडाक्षरं पुटपुटत, वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. मी शेजारी बसून होते. मग चार घड्या घालून तो पिशवीत ठेवला.

"एक वाक्य खोडाले तुमाले चार महिने लागले," त्या म्हणाल्या. "माह्या डोळ्याले पंधरा दिवसच लागले होते."